आख्यान तेच, निरूपण कुठे?

जुलै २०२५मध्ये आठवड्याच्या अंतरानं दोन जुने विज्ञानपट नव्या रूपात आले. आधी 'ज्युरासिक वर्ल्ड: रीबर्थ', मग जेम्स गनचा 'सुपरमॅन'. दोन्ही मी अकोल्याला जाऊन पाहिले. या दोन मालिकांवर माझं शाळकरी वयापासून प्रेम आहे, म्हणून ही तपासणी मला गरजेची वाटते. जुना नायक, नवा नट आणि गोष्ट पुन्हा पहिल्या पानापासून, याला चित्रपटाच्या धंद्यात 'रीबूट' म्हणतात. हॉलिवूडचा आज त्यावरच मोठा भरवसा आहे. त्यातून कला किती पुढं गेली, हे पाहायला हवं.

सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात कमीपणा नाही, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आमच्या वऱ्हाडात गावोगाव सप्ताह होतात. हरिश्चंद्राची, ध्रुवाची कथा ऐकायला बसलेल्या आजीबाईला ती कीर्तनकाराइतकीच पाठ असते. पुढं काय होणार हे ऐकायला ती येत नाही; हा बुवा या कथेतून आज काय उलगडून दाखवतो, हे ऐकायला येते. आख्यान सगळ्यांचं, निरूपण ज्याचं त्याचं. आपला सिनेमाही असाच जन्मला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१७मध्ये तो पुन्हा चित्रित केला. १९३२मध्ये प्रभातनं तीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलत्या पडद्यावर आणली. तेव्हा 'पुन्हा तेच का?' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. त्याच गोष्टीतून आज काय सांगायचं आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नव्या विज्ञानपटांना मी हीच कसोटी लावतो.

आधी 'ज्युरासिक पार्क'. स्टीव्हन स्पिलबर्गचा १९९३चा हा चित्रपट १९९४मध्ये हिंदीत आला, आणि इंग्रजी न कळणाऱ्या भारतीय प्रेक्षकालाही हॉलिवूडचं दार उघडलं. मायकल क्रायटनच्या कादंबरीतली धास्ती साधी होती: जीव घडवण्याचं तंत्र माणसाच्या हाती आलं, ते वापरण्याचा विवेक आला का? डायनासोर पडद्यावर थोडाच वेळ दिसत. पाण्याच्या पेल्यात उठणाऱ्या वलयांनीच अंगावर काटा येई. २०१५च्या 'ज्युरासिक वर्ल्ड'नं एक चांगला विचार मांडला होता. लोकांना आता नुसत्या डायनासोरचं नवल उरलेलं नाही, म्हणून उद्यानाचे मालक प्रयोगशाळेत आणखी भयंकर प्राणी तयार करतात. हे खुद्द चित्रपटधंद्याचंच निदान होतं. पण ते करून चित्रपट त्याच रोगाला बळी पडला. पुढचा प्रत्येक भाग आणखी मोठ्या जबड्याच्या मागं धावला. 'रीबर्थ'मध्ये पुन्हा एक बेट, पुन्हा प्रयोगशाळेतून निपजलेला विद्रूप प्राणी. मोठ्या प्राण्यांच्या रक्तापासून हृदयरोगावर औषध करू पाहणारी कंपनी त्यात आहे. ते औषध कुणाला मिळणार, हा आजचा खरा प्रश्न चित्रपट उच्चारतो आणि लगेच पळापळीकडं वळतो. आख्यान झालं, निरूपण राहिलं.

याच्या अगदी उलट उदाहरण 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चं आहे. पिएर बूलच्या फ्रेंच कादंबरीवरचा पहिला चित्रपट १९६८चा. अणुयुद्धाच्या भयानं झाकोळलेल्या काळात त्यानं माणसाच्या अहंकाराला आरसा दाखवला. टिम बर्टननं २००१मध्ये तो पुन्हा केला तेव्हा रंगभूषा सुधारली, पण सांगणं हरवलं. २०११मध्ये 'राइज'पासून मालिका नव्यानं सुरू झाली, आणि या वेळी लेखकांनी भीतीचं मूळच बदललं. अणुबॉम्बच्या जागी स्मृतिभ्रंशावरच्या औषधाची चाचणी आली. त्या चाचणीतून एक वानर शहाणा होतो आणि माणसांत साथ पसरते. अँडी सर्किसनं उभा केलेला सीझर हा वानर माणसाच्या घरात वाढतो, पिंजऱ्यात पडतो आणि पहिला शब्द उच्चारतो तो 'नाही' असा. आज्ञा नाकारणारा तो एक शब्द पुढच्या चित्रपटांना पुरतो. 'डॉन' आणि 'वॉर'मध्ये सत्ता हाती आल्यावर पीडितांचं काय होतं, हे मॅट रीव्ह्जनं धीटपणे दाखवलं. पहिल्या चित्रपटाची दृश्यं नुसती न गिरवता ही मालिका त्याची खरी वारस ठरली.

जपाननंही हेच केलं. १९५४चा 'गॉडझिला' हिरोशिमा-नागासाकीच्या आणि त्याच वर्षीच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीत किरणोत्साराची राख झेललेल्या मच्छीमारांच्या जखमेतून आला. हॉलिवूडनं १९९८मध्ये त्याला न्यूयॉर्कात नेलं तेव्हा तो एक मोठा सरडा होऊन बसला, कारण त्याच्यामागचं दुःख तिकडं गेलंच नाही. जपाननं २०१६मध्ये फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरच्या ढिम्म सरकारी कारभारावर 'शिन गॉडझिला' काढला. २०२३मध्ये ताकाशी यामाझाकीच्या 'गॉडझिला मायनस वन'नं आत्मघातकी हल्ल्यातून मागं फिरलेल्या वैमानिकाच्या अपराधी मनाची गोष्ट सांगितली. पस्तीसेक कलावंतांच्या चमूनं त्याची दृश्यं घडवली आणि २०२४मध्ये त्यांना दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. खर्च हॉलिवूडच्या तुलनेत फार थोडा होता. पैसा नसला की विज्ञानपट होत नाही, या सबबीला त्यांनी कायमचं उत्तर दिलं.

आता सुपरमॅन. १९३८मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी हा नायक चित्रकथेत आणला. दोघंही अमेरिकेत आसऱ्याला आलेल्या ज्यू घरांतले. मरणाऱ्या ग्रहावरून पाठवलेलं, परक्या मातीत वाढलेलं मूल ही मुळात निर्वासिताची कथा आहे. रिचर्ड डॉनरच्या १९७८च्या चित्रपटात क्रिस्टोफर रीव्हनं तिला चेहरा दिला. माणसांत अंग चोरून चालणारा वार्ताहर क्लार्क आणि छाती काढून उभा राहणारा सुपरमॅन ही दोन माणसं त्यानं केवळ देहबोलीतून वेगळी केली. त्याला आजही तोड नाही. २००६चा 'सुपरमॅन रिटर्न्स' त्या प्रतिमेपुढं हात जोडून उभा राहिला आणि तिथंच थांबला. २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'नं सगळंच बदललं. झॅक स्नायडरला परकेपणाचं ओझं दिसलं होतं आणि त्याची सुरुवात दमदार होती. पण शेवटी शहर जमीनदोस्त होत असताना त्याखाली कोण आहे, हे पाहायला नायकाला सवडच झाली नाही. वाचवणाऱ्याचं लक्ष माणसांवरून उडालं की सुपरमॅन उरत नाही.

गनचा चित्रपट सुरू होतो तो हरलेल्या सुपरमॅनपासून. बर्फात पडलेला, हाडं मोडलेला, शीळ घालून कुत्र्याला बोलावणारा. ग्रहाच्या नाशाची कथा गन पुन्हा सांगत बसत नाही. ती प्रेक्षकाला ठाऊक आहे, हे तो गृहीत धरतो. मग तो मुळावरच घाव घालतो. जन्मदात्यांच्या संदेशाचा हरवलेला उत्तरार्ध सापडतो आणि कळतं, की त्यांनी मुलाला माणसांवर राज्य करायला पाठवलं होतं. ज्यांच्या आज्ञेवर आयुष्य बेतलं तेच असे निघाले, तर चांगुलपणा कुठून आणायचा? चित्रपट उत्तर देतो: वाढवणाऱ्या शेतकरी आईबापांकडून आणि स्वतःच्या निवडीतून. दुसरा धागा युद्धाचा. एक बलाढ्य देश दुबळ्या शेजाऱ्यावर चालून जातो, सुपरमॅन त्याला अडवतो आणि त्याची पत्रकार प्रेयसी लोइस त्याची मुलाखत घेताना विचारते, की हा अधिकार तुला कुणी दिला. डेव्हिड कोरेनस्वेट आणि रेचल ब्रॉस्नहन यांचा तो प्रसंग मला या चित्रपटातला सर्वोत्तम वाटला. त्यात कुणी उडत नाही, तरी सगळं पणाला लागलेलं असतं.

उणिवाही आहेत. साहाय्यक वीरांची गर्दी फार आहे, आणि पुढच्या चित्रपटांची पेरणी करताना या चित्रपटाचा श्वास तुटतो. आक्रमण झेलणाऱ्या देशातल्या माणसांना गोष्टीत स्वतःचा आवाज मिळत नाही. झेंडा उभारून त्राता येण्याची वाट पाहणं एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. तरीही हा चित्रपट माझ्या कसोटीला उतरतो. आख्यान तेच ठेवून त्यानं नवं काही सांगितलं.

पण याच नायकाचं आपल्या मातीतलं निरूपण त्याच्या कितीतरी आधी झालं होतं. मालेगाव म्हटलं की लोकांना नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. माझं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, अकोला-हिंगोली आणि नागपूर-संभाजीनगर हे रस्ते जिथं एकमेकांना छेदतात तिथलं. नाव सारखं असलं तरी या कामाचं श्रेय त्या मालेगावचंच. शेख नासिर या तिथल्या हौशी दिग्दर्शकानं 'मालेगाव के शोले'नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. नायक होता शफीक शेख, यंत्रमागावर राबणारा शिडशिडीत तरुण. हिरव्या पडद्यासमोर त्याला उडवलं गेलं. हा सुपरमॅन लढला तो तंबाखूच्या व्यसनाशी आणि घाणीशी, म्हणजे त्या गावातल्या खऱ्या शत्रूंशी. फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटानं ही धडपड जगापुढं आणली. पुढं शफीक कर्करोगानं तरुणपणीच गेला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा ही कहाणी नव्या पिढीला कळली. नासिरच्या चित्रपटाला लोक विडंबन म्हणतात. मला ते उत्तम रूपांतर वाटतं, कारण परक्या नायकाला त्यानं आपल्या गल्लीतलं काम दिलं.

हिंदीकडं पाहिलं की वाईट वाटतं. २००३चा 'कोई... मिल गया' परग्रहावरच्या पाहुण्याइतकाच एका मतिमंद मुलाच्या एकटेपणाचा होता. 'क्रिश'पासून मालिका मुखवट्याकडं आणि मारामारीकडं वळली. २०१३च्या तिसऱ्या भागात आकाशाकडं पाहणं जवळजवळ संपलंच. चौथा भाग हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार, असं २०२५मध्ये जाहीर झालं. त्यानं पहिल्या चित्रपटातलं ते एकटं मूल पुन्हा शोधावं. नागपूरच्या आरती कडव यांनी 'कार्गो'त मोजक्या साधनांनी, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात मृतांचा पुढचा प्रवास मांडला. पुराणातली कल्पना आणि अंतराळ यांचा असा मेळ हिंदीत क्वचितच दिसतो.

मराठीत काय आहे? पडद्यावर फार थोडं. सुजय डहाके यांनी २०१६मध्ये 'फुंतरू' करून पाहिला. त्या वाटेनं पुढं फारसं कुणी गेलं नाही. जुन्या नायकाला नव्या काळात आणायचं कसब मात्र आपल्याकडं आहे. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७मध्ये आदित्य सरपोतदार यांनी पडद्यावर आणला. त्यांनी या बनेश फेणेला तरुण केलं आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या गैरव्यवहाराशी झुंजवलं. स्वभाव तोच, लढाई आजची. हीच रीत विज्ञानकथेला लावली तर सामग्रीची वाण नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेपासून जयंत नारळीकरांनी ही वाट रुंद केली. परग्रहावरून येऊन माणसांत वाढलेल्या मुलाची त्यांची 'प्रेषित' ही कादंबरी सुपरमॅनच्याच बीजातून निघते. पण तिथं मुठीऐवजी बुद्धी आहे आणि आपण कोण, हा प्रश्न आहे. मराठी पडद्यावर ती मी अजून पाहिलेली नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा आहेत. परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंची 'विप्लवा' आहे.

स्थळंही दूर शोधायला नकोत. मालेगावाहून मेहकरच्या बाजूला गेलं की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार येतं. बेसॉल्टच्या खडकात अशनीच्या आघातानं खोदलेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि २०२०च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालेलं आपण पाहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरचे जीवाश्म सापडतात. आमच्या तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता उभी असल्याच्या श्रद्धेनं लोक शतकानुशतकं येतात. आकाशाविषयीचं कुतूहल, भीती आणि भक्ती हे सगळं या भूमीत एकत्र नांदतं.

माझा निर्णय स्पष्ट आहे. मूळ कलाकृतीची भीती आणि करुणा आजच्या माणसापर्यंत आणतो तो रीबूट टिकतो. नुसती तिची दृश्यं गिरवणारा पहिल्या आठवड्याची गर्दी ओसरली की विसरला जातो. 'एप्स' आणि 'गॉडझिला' टिकतील, 'सुपरमॅन'नं आशा जागवली आहे, 'ज्युरासिक'नं आता थांबावं. मराठी निर्मात्यांना आणि विदर्भात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्यांच्या कथा आहेत. त्यातली एक उचला, लोणारच्या काठावर उभी करा आणि आजच्या महाराष्ट्राला विचारायचा प्रश्न तिच्यातून विचारा. पाहायला आम्ही येऊ.