प्राथमिक शाळेंतील शिवकाल आणि आमचीं दप्तरें

लहान मुलांचीं पाठ्यपुस्तकें हा या त्रैमासिकाचा नेहमींचा विषय नव्हे. येथें सनदा, महजर, वंशावळी आणि शकावल्या यांची चिकित्सा होते. नऊ वर्षांच्या मुलाच्या पुस्तकाची चिकित्सा येथें कां, असें कित्येक वाचकांस वाटेल. उत्तर असें कीं, संशोधकांनीं काय शोधिलें आणि काय शोधावयाचें राहूं दिलें, याचा सर्वांत प्रामाणिक ताळेबंद प्राथमिक शाळेच्या पुस्तकांत सांपडतो. जें विद्वानांच्या हातून राहिलें तें मुलांस कोणीं शिकवावें?

पुण्याचें पाठ्यपुस्तक मंडळ २७ जानेवारी १९६७ रोजीं स्थापन झालें. लोक त्यास ‘बालभारती’ या नांवानें ओळखतात. या मंडळानें १९७० सालीं इयत्ता चौथीसाठीं शिवछत्रपतींच्या चरित्राचें पुस्तक काढिलें. पुढें अभ्यासक्रम पालटला, पुस्तक परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागांत सामावलें, परंतु त्याचा सांगाडा बराचसा तोच राहिला. शिवजन्मापूर्वींचा महाराष्ट्र, संतांची कामगिरी, भोसल्यांचें घराणें, बालपण व शिक्षण, तोरणा, प्रतापगड, घोडखिंड, शायिस्ताखान, पुरंदर, आग्रा, सिंहगड, राज्याभिषेक, दक्षिणेची मोहीम, आणि शेवटीं गडांची, आरमाराची व राज्याची व्यवस्था, असा त्याचा क्रम आहे. वाक्यें आंखूड आहेत, कथा वेगानें पुढें जाते, आणि मुलगा तें पुस्तक शिक्षकाच्या मदतीवांचून स्वतः वाचूं शकतो. महाराष्ट्रांतील अनेक पिढ्यांस इतिहासाची गोडी या पुस्तकानें लाविली, हें त्याचें श्रेय कोणीही नाकारूं नये. आम्हीही नाकारीत नाहीं.

तथापि या पुस्तकांत एक लहानसा परिच्छेद आहे, त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. बाल शिवाजी मावळ्यांच्या मुलांत खेळतात, त्यांच्या झोपडींत जाऊन कांदाभाकर खातात, लपंडाव, चेंडू, भोवरा खेळतात, मातीचे किल्ले रचितात, एवढाच त्याचा आशय. यांत लढाई नाहीं, तह नाहीं, सालही नाहीं. असें असतां, ज्यांनीं हें पुस्तक बालपणीं वाचिलें त्यांच्याशीं बोलतांना आमचा अनुभव असा कीं, पुरंदरच्या तहाचीं कलमें विसरलेल्या माणसासही ती कांदाभाकर आठवते. कारण उघड आहे. त्या परिच्छेदांत मुलास स्वतःसारखें एक मूल भेटतें.

दोष असा कीं, तें मूल तेवढेंच भेटतें आणि नाहींसें होतें. भाकरी कशाची होती? मावळांतील डोंगरउतारावर नाचणी व वरई पिकते, देशावर ज्वारी-बाजरी. ती पहांटे कोणी दळली? पावसाळ्याचे चार महिने ओलें सरपण कसें पेटविलें? गडावरील शिपायास पाणी कोठून मिळे? मावळ्याची नऊ वर्षांची बहीण दिवसभर काय करी? शेवटच्या प्रकरणांत हवालदार, सबनीस, कारखानवीस हे अधिकारी मुलास भेटतात, परंतु त्यांच्या हुकमांत वावरणारी माणसें कोणत्या घरांत राहात, काय नेसत, कशानें आजारी पडत, याचा थांग लागत नाहीं. मुलापुढें राज्य उभें राहतें, गांव उभें राहात नाहीं.

येथें परदेशाचें एक उदाहरण उपयोगी पडेल. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांत सात ते अकरा वर्षांच्या मुलांस व्हायकिंग लोकांची माहिती दिली जाते. आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत नॉर्वे-डेन्मार्ककडील या दर्यावर्दी लोकांनीं इंग्लंडवर स्वाऱ्या केल्या, मुलूख जिंकिला आणि तेथेंच वस्ती केली. जिंकलेल्या लोकांचीं मुलें आज जेत्यांविषयीं जें शिकतात त्यांत लढाया आहेतच, परंतु घर, चूल, कपडे, कंगवे, जोडे आणि खेळ यांसही मोठें स्थान आहे. हें शक्य झालें तें मुख्यत्वें उत्खननामुळें. यॉर्क शहरांत कॉपरगेट या ठिकाणीं १९७६ ते १९८१ या काळांत खोदकाम झालें. तेथील जमीन ओलसर, म्हणून लांकूड, चामडें व लोंकर हजार वर्षें टिकलीं. सुमारें ४०,००० वस्तु निघाल्या. लोंकरीचा एक पायमोजा निघाला. त्याच शहरांत दुसऱ्या एका जागीं १९७२ सालीं मानवी विष्ठेचा कठीण झालेला गोळा सांपडला, आणि त्यांतील जंतांच्या अंड्यांवरून त्या माणसाच्या पोटाची अवस्थाही कळली. १९८४ सालीं तेथें संग्रहालय उघडलें. विद्वानांनीं उकिरडा तुच्छ मानिला असता तर त्या देशांतील मुलांच्या हातीं केवळ राजांचीं नांवें राहिलीं असतीं.

व्हायकिंगांच्या पराक्रमाच्या विस्तृत कथा मुख्यत्वें आइसलंडांत तेराव्या शतकांत लिहिल्या गेल्या, म्हणजे घटनांनंतर दोनतीनशें वर्षांनीं. आमच्याकडील उत्तरकालीन बखरींशीं त्यांचें नातें वाचकांच्या ध्यानीं येईलच. समकालीन लेखन म्हणून त्यांच्याजवळ दगडांवर कोरलेले त्रोटक लेख, आणि बाकीचें परकीयांनीं लिहिलेलें. त्यांना कागदाचा आधार नाहीं, म्हणून त्यांनीं मातीस विचारिलें. आमच्याजवळ कागद आहेत, आणि त्यांस आम्ही चुलीविषयीं कांहीं विचारीत नाहीं.

विचारिलें तर काय मिळतें हें तीन प्रसिद्ध कागदांवरून दाखवितां येईल. पहिला, राज्याभिषेकाच्या सुमाराचें, चिपळूणकडे छावणी असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांस महाराजांनीं पाठविलेलें पत्र. रयतेस उपद्रव देऊं नये, एवढाच त्याचा सारांश बहुधा सांगितला जातो. परंतु मुलाच्या दृष्टीनें पत्राचा जीव त्याच्या तपशिलांत आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेलें गवत व दाणा आतांच मनास येईल तसा उधळला तर ऐन पावसांत घोडे उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, गवत, भाजी ओढूं लागतील, आणि मोंगल परवडला असें लोकांस वाटेल. रात्रीं दिवा तसाच ठेवून निजूं नये, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल आणि घोडीं जळतील. गवताचे छप्पर, तेलाचा दिवा, वातीवर टपलेला उंदीर, बांधलेलें घोडें, आणि इतक्या बारीक गोष्टीची काळजी वाहणारा राजा! नऊ वर्षांच्या मुलास यांतील कोणता शब्द कळणार नाहीं? राज्यकर्त्याचें थोरपण दाखवावयास याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरा कागद ५ सप्टेंबर १६७६ चा, प्रभानवल्लीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेला. गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, ज्यास माणूसबळ आहे पण बैल नाहींत त्यास बैल घेण्यास पैका द्यावा, पोटास दाणे द्यावे, दिलेल्या रकमेवर वाढीदिढी न घेतां मुद्दल हळूहळू उगवून घ्यावें, असा त्याचा आशय. यांतून शेतकऱ्याचें वर्ष मुलापुढें उभें राहतें. खंडी म्हणजे वीस मण, आणि लारी म्हणजे रुप्याच्या तारेचें नाणें, हें शिक्षकानें फळ्यावर काढून दाखविलें म्हणजे त्याच तासांत गणितही होतें.

तिसरें, रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून मान्य झालेलें आज्ञापत्र. गडावरील केर खालीं न टाकतां जागोजाग जाळावा, त्याची राख परसांत घालून घरोघर भाजीपाला करावा, अशी त्यांत आज्ञा आहे. आरमारासाठीं लांकूड लागलें तरी आंबा-फणस तोडूं नयेत, कारण तीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, असेंही त्यांत सांगितलें आहे. गडाचें चित्र काढणाऱ्या मुलानें तटाबुरुजांबरोबर परसांतील भाजीही काढावी, एवढें या एका कागदानें साधेल.

हे तिन्ही कागद पूर्वींच छापलेले आहेत. न छापलेल्यांची गोष्ट निराळी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरांतून गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भाग निघाले. त्यांत सामाजिक बाबींचाही समावेश झाला, परंतु निवडीचा मुख्य कल राजकारणाकडेच होता. ना. गो. चापेकरांनीं ‘पेशवाईच्या सावलींत’ या ग्रंथांत जमाखर्चाच्या कागदांतून त्या काळचे व्यवहार उलगडून दाखविले. रा. वि. ओतुरकरांनीं १९५० सालीं पेशवेकालीन सामाजिक व आर्थिक पत्रव्यवहाराचा संग्रह प्रसिद्ध केला. त्रिं. ना. आत्र्यांच्या ‘गांव-गाडा’ ग्रंथास तर १९१५ साल लागतें. वाट घालून दिलेली आहे, परंतु तिच्यावर रहदारी नाहीं.

याचें एक कारण संग्राहकांच्या आवडीनिवडींत आहे, हें स्पष्ट बोललें पाहिजे. जुन्या वाड्यांतील रुमाल सुटला कीं प्रथम हात जातो तो मोर्तबाच्या कागदाकडे. नामांकित सरदाराचें पत्र निघालें तर तें प्रसिद्ध होतें. तेल, मीठ, हळद, सुपारी, बांगड्या, कुंभाराचीं मडकीं, न्हाव्याचें बलुतें, लेंकराच्या बारशाचा खर्च अशा नोंदींची रोजकीर्द मात्र ‘किरकोळ’ या सदराखालीं बाजूस पडते, आणि वाडा पाडला जातो तेव्हां रद्दीच्या तागडींत जाते. मोडी वाचणारे विरळ होत चालले असतां तर या वह्यांस कोणी वालीच राहिलेला नाहीं. एका पत्राची नक्कल दुसऱ्या दप्तरांत सांपडण्याचा संभव असतो. घरच्या जमाखर्चाची वही एकच असते. ती गेली म्हणजे त्या घरची चूल कायमची विझली.

या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, दैनंदिन जीवनाच्या नादानें पराक्रमाचें तेज मंदावेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पावनखिंडींत लढलेला माणूस घरीं नाचणी पेरीत होता, त्याच्यामागें त्याचें शेत कोणी नांगरलें हा प्रश्न होता, हें कळल्यावर त्याचा त्याग वाढतो, घटत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गांव दाखवावयाचें म्हणजे वेशीबाहेरचा महारवाडाही दाखवावा लागेल, आणि पेशवाईच्या हिशेबांत बैलांप्रमाणें किंमत लावून विकलेल्या कुणबिणीही दिसतील. त्या मुलांपासून लपवाव्या काय? व्हायकिंगही माणसें गुलाम करून विकीत, आणि इंग्लंडांतील मुलांस तें सांगितलें जातें. आमचें मत असें कीं, वयास शोभेल अशा शब्दांत आमच्या मुलांसही सांगावें. वर्गांत बसलेल्या मुलांपैकीं कित्येकांचे पूर्वज त्या वेशीबाहेर राहात होते. त्यांस इतिहासांत स्वतःचें घर सांपडूं नये, हा न्याय नव्हे.

कल्पनेस मात्र आवर घातला पाहिजे. शिंगांचें शिरस्त्राण घातलेला व्हायकिंग जगभर चित्रांतून दिसतो, परंतु त्या लोकांनीं तसें शिरस्त्राण घातल्याचा पुरावा नाहीं. १८७६ सालीं वाग्नरच्या संगीतनाट्यासाठीं केलेल्या पोशाखांनीं तें रूढ केलें. आमच्या चित्रकारानें शिवकालीन चुलीजवळ बटाट्यांची रास किंवा टोमॅटोची टोपली काढिली तर तींही शिंगेंच होत. म्हणून पुस्तकांतील प्रत्येक भांड्यास, प्रत्येक पागोट्यास कागदाचा, चित्राचा किंवा वस्तूचा आधार असावा.

उपाय खर्चाचा नाहीं. ज्यांच्या संग्रहीं घरगुती हिशेबाच्या वह्या आहेत त्यांनीं त्यांची यादी करावी व छायाचित्रें घेवावीं. संशोधन-संस्थांनीं शंभर लहान नोंदी निवडून, मोडी मूळ, बालबोध लिप्यंतर आणि सोपा अर्थ अशा तीन रकान्यांत त्यांची एक पुस्तिका काढून शिक्षकांच्या हातीं द्यावी. वस्तूंच्या इतिहासासाठींही दूर जाण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्यांतच घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून अनेक हंगाम खोदकाम करून तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें, चुली आणि धान्याचीं बळदें उजेडांत आणिलीं.

पुण्यांतील मुलें दर दिवाळींत अंगणांत मातीचे किल्ले करितात. तटावर हळीव पेरून हिरवळ उगवितात, माथ्यावर महाराजांस बसवितात, आणि पायथ्याशीं विहीर, शेत व बाजार मांडितात. त्या पायथ्यास कोणतेंही पुस्तक त्यांस सांगत नाहीं. गडाखालीं गांव असतें हें मुलांस ठाऊक आहे. त्या गांवांत काय होतें हें सांगणारे कागद ज्यांच्या कपाटांत आहेत त्यांनीं आपले रुमाल याच वर्षीं सोडावे, एवढीच आमची विनंती आहे.