बुरानबुर सभेत म्हटला गेला पाहिजे

सोमाली स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पारंपरिक गाणी आणि कविता वापरायच्या, हा विचार मदतसंस्थांमध्ये आता चांगलाच रुजला आहे. मुलींची सुंता थांबवा, बायकोला मारू नका, बलात्कार लपवू नका असं सांगणारी गाणी रेडिओवर आणि शिबिरांत वाजतात. हेतूबद्दल वाद नाही. पण यातली बरीचशी गाणी कविता म्हणून कच्ची आहेत, आणि ज्या परंपरेचं नाव ती लावतात तिच्याशी फार बेफिकिरीने वागतात.

सोमाली श्रोता अनुप्रासावर वाढलेला असतो. एकदा ध्वनी निवडला की अखेरपर्यंत प्रत्येक ओळीत त्या ध्वनीने सुरू होणारा शब्द यावाच लागतो. शिवाय छंदाचं काटेकोर गणित असतं. ते कवी गारिये यांनी १९७०च्या दशकात उलगडून दाखवलं. १९७२मध्ये लिपी ठरेपर्यंत ही कविता पाठांतरावर जगली ती या बांधणीच्या जोरावर. अहवालातलं वाक्य ढोलावर बसवलं तर अशा श्रोत्याला ते तत्काळ ओळखू येतं. तो ते पाठ करत नाही, आणि पाठ न झालेली कविता त्या समाजात काही करू शकत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. परंपरा म्हणजे नेमकी कोणती? सर्वांत प्रतिष्ठेचा गबय हा पुरुषांचा काव्यप्रकार, आणि त्याच्या थोर मालिकांमध्ये कुळाभिमान, उंटांची लूट आणि सूडाची चिथावणी ठासून भरली आहे. ‘गुबा’ ही एकमेकांना उत्तरं देणाऱ्या कवींची मालिका कुळांमधलं वैर पेटतं ठेवणारी होती. बलवो आणि हेल्लो या प्रेमगीतांत स्त्री दिसते ती बहुतेक वेळा झुरणाऱ्या पुरुषाच्या नजरेतून. आजच्या सोमाली-ब्रिटिश कवयित्री वॉर्सन शायर यांची इंग्रजी कविता जळजळीत आहे, पण तिचा वाचक दुसरीकडे राहतो.

उरतो तो बुरानबुर. हा स्त्रियांचा स्वतःचा छंद. लग्नात, पाहुण्यांच्या स्वागतात, ढोल आणि टाळ्यांच्या साथीत एक बाई म्हणते आणि बाकीच्या उचलून धरतात. त्याच्या भोवती बायकांची श्रमगीतं: धान्य कांडताना, दूध घुसळताना, चटया विणताना म्हटलेली. नवऱ्याला तोंडावर बोलता येत नाही ते उखळाला किंवा चटईला सांगायचं, ही सोय त्यांत आहे. तान्ह्या मुलीला झोपवता झोपवता तिच्या वाट्याला काय येणार हे आई सांगते. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही.

पण बुरानबुर गाऱ्हाण्यापाशी थांबला नाही, म्हणून मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. कवयित्री हवा जिब्रील यांनी तो सोमाली स्वातंत्र्यलढ्यात नेला. १९६० साली स्वातंत्र्य आल्यावर पदं वाटली गेली आणि बायकांना त्यांतून वगळलं गेलं, तेव्हा त्याच छंदात त्यांनी जाब विचारला. कवयित्री दहबो एल्मी मूसे यांनी सुंता, लग्नाची रात्र आणि बाळंतपण या स्त्रीच्या तीन वेदना एकाच कवितेत सलग मांडल्या, आणि हिंसा ही एकेकटी घटना नसून जन्मभर चालणारी साखळी आहे हे दाखवलं. कोणत्याही मोहिमेच्या गाण्यात मला ही रचनेची ताकद दिसलेली नाही. ‘थांबवा’ असं न म्हणता ती कविता ऐकणाऱ्याला आरोपीच्या जागी उभं करते.

मग इतकी धारदार कविता असून हिंसा का हटली नाही? सुंता २०१२च्या हंगामी राज्यघटनेने निषिद्ध ठरवली, तरी २०२०च्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ९९ टक्के स्त्रियांची सुंता झालेली आढळली. बलात्काराचं प्रकरण अजूनही अनेक ठिकाणी ‘हेर’ या रूढ कायद्याप्रमाणे वडीलधारे मिटवतात. भरपाई ठरते ती दोन्हीकडच्या पुरुषांमध्ये, आणि कधी त्या मुलीचं लग्न अत्याचार करणाऱ्याशीच लावून देतात. ज्या सभेत हे ठरतं तिथे गबयला वजन आहे. गबय म्हणणारा आधी कवीचं नाव घेतो आणि शब्द न बदलता म्हणतो. म्हणून ती कविता साक्षीसारखी धरली जाते आणि तिला उत्तर द्यावं लागतं. बुरानबुरच्या वाट्याला असे पाठक फारसे आलेच नाहीत. पुरुषांनी तो पाठ केला नाही, दुसऱ्या गावी नेला नाही. कित्येक रचनांची कवयित्री कोण हेही त्यामुळे हरवलं.

अन्याय इथे आहे, आणि मोहिमेची गाणी तो वाढवतात. ती बुरानबुरची चाल घेतात आणि कवयित्रीचं नाव गाळतात. ती बायकांना बायकांच्याच बैठकीत ऐकवतात, जिथे हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. निर्णय मात्र दुसऱ्याच सभेत होतात. सोमालीलँडमधल्या बोरामा इथल्या १९९३च्या शांतता परिषदेत मत देणारे सगळे वडीलधारे पुरुष होते. बायकांना दबाव आणावा लागला तो बाहेरून. २००० साली जिबूतीतल्या आर्ता इथल्या सोमाली शांतता परिषदेत कार्यकर्त्या आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सहकारी बायका ‘सहावं कूळ’ म्हणून आत शिरल्या, कारण कुळाशिवाय कुणाला बोलायलाच मिळत नव्हतं. सभेच्या आत शिरणं म्हणजे काय ते त्यांनी दाखवलं. कवितेलाही तिथेच शिरावं लागेल.

म्हणून संस्थांना माझी विनंती आहे की नवी गाणी लिहून घेणं थांबवा. हवा जिब्रील आणि दहबो एल्मी मूसे यांच्या रचना, आणि आज लग्नघरांत हयात कवयित्री म्हणतात त्या, तरुण मुलग्यांकडून पाठ करून घ्या. सोमालीलँडमधल्या हार्गेसा शहराच्या पुस्तक महोत्सवात आणि गावच्या सभेत त्यांनी त्या कवयित्रीचं नाव आधी घेऊन, एकही शब्द न बदलता, वडीलधाऱ्यांसमोर म्हणाव्यात. पैसा खर्च करायचा असेल तर तो या पाठांतरावर करा.