उसना मृत्युदेव

पुण्यात शिकणारा माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात इंझोरीला आला तो गिटार आणि एक अल्बम घेऊन. अल्बम मुंबईच्या ‘डर्ज’ या बँडचा, 2018 सालचा, नाव ‘आह पुच’. "मामा, हे डूम मेटल आहे. ऐकताना घाई नको करू," असे त्याने आधीच बजावले.

डूम मेटल म्हणजे रॉकमधला सगळ्यात संथ आणि जड प्रकार. त्याचे मूळ शोधत गेले की आपण बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सबाथ’पाशी, 1970 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमपाशी येतो. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने बोटांवर प्लॅस्टिकची टोपणे चढवली, आणि पुढे तारा सैल करून तो खालच्या सुरात वाजवू लागला. या संगीताचा जडपणा असा एका कामगाराच्या जखमी हातातून आलेला आहे. जडपणा कुठून आला, हा प्रश्न म्हणूनच मला ‘आह पुच’लाही विचारावासा वाटतो.

‘डर्ज’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शोकगीत. आह पुच हा माया लोकांचा मृत्युदेव. वादन कसदार आहे, यात शंका नाही. गिटारची एकच फेरी इतक्या वेळा येते की काळाचे भान सुटते, आणि गायकाची आरोळी एखाद्या विधीतल्या पुरोहितासारखी वाटते. पण शोक कुणासाठी? देवाचे हे नावही तसे पक्के नाही. मायांच्या जुन्या हस्तलिखितांवर काम करणारे अभ्यासक त्या सांगाड्याच्या देवाला नुसते ‘देव अ’ म्हणतात. 12 जुलै 1562 रोजी युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने मायांच्या पोथ्या जाळायला लावल्या. आज चारच शिल्लक आहेत. माया मात्र संपलेले नाहीत. ग्वातेमाला आणि मेक्सिकोत लाखो लोक आजही माया भाषा बोलतात. अल्बममध्ये देवाचे भय आहे, दरारा आहे. पोथ्या गमावलेली माणसे मला तरी त्यात ऐकू येत नाहीत. मुंबईच्या पोरांनी दूरचा देव घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. उसने आणायला हरकत नाही, पण उसन्याबरोबर त्या घरचे दुःखही दारात येते, आणि इथे ते दाराबाहेरच राहिले आहे.

याच्या शेजारी मी मेलबर्नच्या ‘डिव्हाइड अँड डिझॉल्व्ह’चा ‘गॅस लिट’ (2021) ठेवला. त्या वेळी बँडमध्ये दोघीच होत्या: चेरोकी आणि कृष्णवर्णीय वारशाची टकाया रीड गिटार आणि सॅक्सोफोनवर, माओरी वारशाची सिल्वी नेहिल ड्रमवर. एका तुकड्यातली कविता सोडली तर अल्बमभर शब्दच नाहीत. ना पूर्वजांचे वाद्य, ना देवाचे नाव. सॅक्सोफोन एकटा लांब श्वास घेत राहतो आणि मग गिटार दरड कोसळावी तशी अंगावर येते. हिसकावलेल्या जमिनीबद्दल या दोघी उघड बोलतात, पण ते माहीत नसलेल्यालाही काहीतरी हिरावले गेल्याचे इथे कळते. माझे माप लावले तर हा अल्बम ‘आह पुच’च्या पुढे आहे.

आता माप कुठले, तेही सांगितले पाहिजे. आम्ही बंजारा. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांच्यात आमचेही तांडे होते. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती; कोण किती मूळचा, हा प्रश्न आमच्याकडे दाखल्यावर सुटतो! आमच्याच मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला, ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगारा आता इमारतीच्या नावात आहे. वारसा असा नावात गेला की आनंद होतो, आणि थोडी धास्तीही वाटते.

आमच्याकडे सासरी निघालेली नवरी ढावलो म्हणते. एकेकीच्या गळ्यात पडून, सूर लांबवत, रडणे आणि गाणे यांत फरक उरू न देता. ताल नसतो, श्वास संपेल तिथे ओळ संपते. भाच्याने माझ्या आईला ढावलो म्हणायला लावले. ती आधी नाहीच म्हणाली. "दारात वऱ्हाड नाही, कसलं रडू?" मग म्हणाली, आणि खरेच रडली. तो आवाज त्याने पुण्यात गिटारवर चढवला आणि मला पाठवला: "मामा, कसं वाटतं?"

वाईट वाटले. गिटार उत्तम होती, पण आईचा श्वास मीटरमध्ये बसवण्यासाठी कापला होता. ‘आह पुच’बद्दल जे म्हणतो तेच घरच्या पोरालाही लागू, म्हणून तसे कळवले. रक्ताच्या नात्याने वारसा मिळतो, पण तो ऐकायचे कष्ट माफ होत नाहीत. तो दोन आठवडे रुसला.

मग दुसरी प्रत आली. यात गिटार आईची वाट बघते. ती थांबते तिथे थांबते, आणि एका जागी बराच वेळ नुसता तिचा श्वास आहे, मागे कोंबडा आरवतो, तोही काढलेला नाही. आईला अजून ऐकवलेले नाही. सोयाबीन निघाले की ऐकवीन.