'मिनामाता'त न दिसलेला गाळ

'मिनामाता' हा २०२० चा चित्रपट विज्ञानशिक्षकांनी पाहावाच, असे आधी सांगून मगच आम्ही आमच्या तक्रारीकडे वळतो. जपानमधील मिनामाता गावच्या चिस्सो कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारा असलेले सांडपाणी समुद्रात सोडले. तिथले मासे खाणाऱ्यांची मज्जासंस्था त्याने निकामी केली. छायाचित्रकार यूजीन स्मिथ १९७१ मध्ये तिथे राहायला गेला, त्याची ही कथा. जॉनी डेपचा स्मिथ उत्तम उतरला आहे.

त्यातला एक प्रसंग वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. कारखान्याचा प्रमुख स्मिथला पीपीएम समजावतो : दहा लाखांत काही भाग, म्हणजे नगण्यच की! अकरावीचा हुशार विद्यार्थीही इथे मान डोलावेल. चित्रपट याला माणुसकीचे उत्तर देतो. ते योग्यच आहे; पण गणित अनुत्तरित राहते.

अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पाऱ्याचा थोडा अंश मिथिल पारा बनतो. तो शरीरात सहज शिरतो आणि फार सावकाश बाहेर पडतो. म्हणून प्लवक, लहान मासा, मोठा मासा अशा दर पायरीला त्याचे प्रमाण वाढत जाते. शिवाय पारा गाळात साठतो. ह्याक्केन बंदरात सांडपाण्याच्या तोंडाशी गाळात २,०१० पीपीएम पारा सापडला होता. १९५८ मध्ये कारखान्याने हे पाणी बंदराऐवजी नदीच्या मुखाशी सोडायला सुरुवात केली, तेव्हा आजार तिकडेही पसरला. 'पातळ होईल' या हिशेबाचे हे फळ.

आजारी मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचे छायाचित्र हा चित्रपटाचा कळस. दिग्दर्शक अँड्र्यू लेव्हिटस यांना त्यात करुणा दिसते, आम्हांला पुरावाही दिसतो. वार गर्भाला विषापासून वाचवते, ही तेव्हाची वैद्यकीय समजूत अशाच मुलांनी खोटी ठरवली. एवढे एक वाक्य कुणा पात्राच्या तोंडी घालणे अवघड नव्हते.

कथा थांबते ती १९७३ च्या न्यायालयीन विजयापाशी. गाळ मात्र तिथेच होता. २५ पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेला गाळ १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षे उपसून खाडीच्या आतल्या भागात बंदिस्त करावा लागला. त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. खाडीतले मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेले जाळे १९९७ मध्ये काढले. त्या जमिनीवर आज उद्यान आहे. पारा खालीच आहे.