चिनी आंतर मुष्टिविद्या आणि तिचें वाङ्मय

चिनी मुष्टिविद्येचे बाह्य व आंतर असे दोन संप्रदाय मानण्याची चाल आहे. थाय-ची, शिंग-यी व बा-क्वा ह्या तीन पद्धति आंतर संप्रदायांत मोडतात. त्यांवरील ग्रंथ वाचावयास घेतले म्हणजे प्रारंभीं वाचकाच्या पदरीं बहुधा धुकेंच पडतें. यिन-यांग, आठ त्रिरेखा, नाभीखालीं सांठणारी 'ची' नामक शक्ति हें सारें येतें. पाय कोठें ठेवावयाचा व कां, हें येतां येतां पुस्तक संपत आलेलें असतें. ह्या धुक्यामागें कांहीं शास्त्र आहे काय, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

'आंतर संप्रदाय' हा शब्द मुळीं तालमींत जन्मलेलाच नाहीं. १६६९ मध्यें हुआंग जोंगशी ह्या पंडितानें वांग जंगनान नामक मल्लाचा जो समाधिलेख लिहिला, त्यांत तो आढळतो. हुआंग हा मांचू राजवटीचा विरोधक होता. तेव्हां बाहेरून आलेल्या बौद्ध धर्माशीं निगडित अशा शाओलिनविरुद्ध स्वदेशी विद्या उभी करण्यांत त्याचा राजकीय हेतु असावा, असें कांहीं अभ्यासक मानतात. आजच्या तिन्ही पद्धति ह्या एका छत्राखालीं आल्या, त्यांत सुन लुथांग ह्यांच्या १९१५ पासूनच्या ग्रंथांचा मोठा वांटा आहे. थाय-चीचा जनक म्हणून मिरविला जाणारा साधु जांग सानफंग ह्याची कथा तर थांग हाओ ह्यांनीं १९३० मध्येंच निकालांत काढली. ती अजून शिकविली जाते, ही गोष्ट निराळी.

आमच्या मतें ह्या वाङ्मयांतील सर्वांत मोलाचा ग्रंथ चेन शिन ह्यांचा होय. होनान प्रांतांतील चेनजियागौ हें त्यांचें गांव. १९०८ पासून १९१९ पर्यंत ते तो लिहीत होते. छापून निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, १९३३ मध्यें. त्रिरेखांचा पसारा त्यांतही आहे, आणि तो आम्हांस कंटाळवाणा वाटला. परंतु मनुष्याकृतीवर पीळदार रेषा काढून त्यांनीं जें दाखविलें आहे, तें निखालस शरीरशास्त्र आहे. कोशावरून रेशमाचा धागा काढतांना हिसका दिला तर तो तुटतो, सैल सोडला तर गुंततो. तसाच पीळ मांडीपासून कमरेंतून, खांद्यांतून मनगटापर्यंत अखंड जावा, असा त्यांचा आग्रह आहे. ह्यांत गूढ असें कांहीं नाहीं. मांडीचे व नितंबाचे स्नायु हाताच्या स्नायूंहून कितीतरी दांडगे. मधला एकही सांधा मागें रेंगाळला नाहीं, तरच त्यांचें बळ तळव्यापर्यंत पोहोंचतें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

'सोंग' म्हणजे शिथिलता, हा दुसरा शब्द. त्याचा अर्थ लुळेपणा असा करून पुष्कळांनीं ही विद्या निकामी केली आहे. हात पुढें लोटतांना दंडाचा मागील स्नायु काम करतो. नवशिका पुढचाही आवळून धरतो, आणि आपल्याच गतीला आपणच खीळ घालतो. ही खीळ काढणें म्हणजे सोंग. तिच्यासाठींच जान-ज्वांग, म्हणजे खांबासारखें उभें राहणें. गुडघे किंचित् वांकवून, खांदे सोडून, छातीसमोर हात गोलाकार धरून शिष्य उभा राहतो. कांहीं मिनिटांतच मांड्या पेटतात. मग कोणता स्नायु उगाच राबतो आहे हें कळूं लागतें, कारण त्याला विसावा दिल्यावांचून उभें राहणेंच अशक्य होतें. वांग शियांगजाय ह्यांनीं आपली सारी पद्धति ह्याच पायावर उभारली.

दोघे-चौघे लोटीत असतां न हलणारा गुरु हा ह्या विद्येचा आवडता देखावा. लोटणाऱ्याच्या हातांखालीं शिरून त्याला अणुमात्र वर उचललें, तर त्याचा जमिनीवरील भार कमी होऊन पाय घसरूं लागतात. तोच भार गुरूच्या पायांवर येऊन ते घट्ट रोवले जातात. हें कौशल्य खरें आहे. मात्र त्याला 'ची'चा चमत्कार म्हटलें, कीं शिष्य सरावाऐवजीं श्रद्धा वाढवूं लागतो, आणि गुरूनें हात लावतांच अदबीनें मागें उडतो. येथें ही विद्या खोटी होते. १९५४ च्या जानेवारींत मकाव येथें थाय-चीचे वू गोंगयी व श्वेतबलाक पद्धतीचे चेन कफू ह्यांचा जाहीर सामना झाला. दुसऱ्या फेरींतच तो थांबविला गेला व निकाल दिला नाहीं. त्याची चलच्चित्रें उपलब्ध आहेत. त्यांत आंतर बळ फारसें दिसत नाहीं. दोन गृहस्थ घाईघाईनें ठोसे मारतांना मात्र दिसतात. परस्परांचे हात लोटण्याचा सराव झाला, तरी न जुमानणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा सराव त्यानें होत नाहीं, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. आणि आम्हीं वाचलेल्या ग्रंथकारांपैकीं एकानेंही त्याला सरळ उत्तर दिलेलें नाहीं.

१९५६ मध्यें सरकारी क्रीडा-समितीनें बसविलेल्या चोवीस आकृतींच्या क्रमाला जुन्या संप्रदायाचे लोक नाकें मुरडतात. पण त्यांतही शरीराचा भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो, आणि अशा सरावानें म्हाताऱ्या माणसांचें पडणें कमी होतें, हें आतां प्रयोगांनीं दिसून आलें आहे. बागेंत सकाळीं तो करणाऱ्या आजीबाईंना जांग सानफंग कोण होता, हें ठाऊक नसलें तरी चालतें.