शाळा पाहून आलो, म्हणजे काय पाहिले?

परदेशातल्या शाळा पाहून आलेल्या शिक्षकांचे वृत्तांत आता आपल्याला नवे राहिलेले नाहीत. ते दिवाळी अंकांत असतात, शिक्षक संघटनांच्या मुखपत्रांत असतात, आणि कधीकधी केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहा येईपर्यंतच्या वेळात ऐकायलाही मिळतात. मी असे बरेच वाचले, काही समोर बसून ऐकले. लिहिणारी मंडळी प्रामाणिक असतात, उत्साही असतात. तरीही वृत्तांत मिटून ठेवल्यावर उद्याच्या तासाला उपयोगी पडेल असे फारसे काही हाती उरत नाही. असे का होत असावे?

या वृत्तांतांचा एक साचा ठरून गेला आहे. आधी विमानतळाची स्वच्छता येते. मग वर्गाबाहेर ओळीत ठेवलेले बूट, वीस मुलांचा वर्ग, हलवता येणारी बाके, आपले ताट आपण उचलणारी मुले, सुतारकामाच्या हत्यारांनी भरलेली खोली. मग शिक्षिकेसोबत फोटो. शेवटी एक उसासा, आपल्याकडे हे कधी होणार?

या यादीतली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसणारी आहे. मुलाने काय विचारले, बाईंनी त्यावर काय केले, फळ्यावर कोणते चुकीचे उत्तर तसेच ठेवून त्यावर चर्चा झाली, यातले काहीच त्यात नसते. कारण साधे आहे. पाहुण्यांना तिथली भाषा येत नाही. ज्या वर्गाची भाषा येत नाही, तिथे माणसाला दिसते ते फर्निचर. दुभाषा असतो, पण तो मुख्याध्यापकांचे भाषण सांगतो. तिसऱ्या बाकावरची कुजबुज सांगत नाही. आपल्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत 'निरीक्षण' या मथळ्याखाली 'परीक्षानळी काचेची होती' एवढेच लिहिले, तर आपण त्याला किती गुण देतो?

हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहू. समजा, हेलसिंकीचे दहा शिक्षक आठ दिवसांच्या दौऱ्यावर आपल्या शिराळ्यात आले, आणि आयोजकांनी हौसेने नागपंचमीचा दिवस गाठला. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी पाहायला परदेशी पर्यटक आणि छायाचित्रकार पूर्वीपासून येत. तेव्हा पंचमीच्या आधी नाग पकडले जात, मडक्यांत सांभाळले जात, पूजा आणि मिरवणूक झाली की सोडले जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या आधारे उच्च न्यायालयाचे आदेश झाले आणि गेल्या दशकात जिवंत नागांचे खेळ थांबले, प्रतिमांची पूजा सुरू झाली. २०२५ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मोजक्या व्यक्तींना मोजके नाग पकडायला परवानगी दिली. कारण दिले होते शैक्षणिक, म्हणजे पारंपरिक ज्ञानाचा प्रसार. ('शैक्षणिक' हा शब्द सहलीला लागतो तसा नागालाही लागतो, पण ते असो.)

हे पाहुणे घरी जाऊन काय लिहितील? भारतातल्या शाळांना नागासाठी सुट्टी असते, लोक सापाला भाऊ मानतात, पाऊस फार पडतो आणि मुले हसतमुख आहेत. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण भाताच्या भांगलणीच्या दिवसांत वर्गातली कोणती मुले गैरहजर असतात, हे त्यात येणार नाही. नाग शिवारात राहतो तो उंदरांमागे, आणि धूळवाफेच्या पेरणीपासून कापणीपर्यंत बांधावर वावरणाऱ्या माणसाला त्याच्या जागा पाठ असतात, हेही येणार नाही. 'नाग दूध पितो का?' या प्रश्नावर वर्गात आजी जिंकते की पुस्तक, हे तर त्यांना कळणारच नाही. आपल्या शाळेचे असे चित्र कोणी छापले तर आपण रागावू. मग फिनलंडचे तसेच चित्र आपण आनंदाने का छापतो?

दुसरी अडचण कार्यकारणाची आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना ती खटकायला हवी. फिनलंड प्रसिद्ध झाला तो 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीमुळे. पंधरा वर्षांच्या मुलांची ही चाचणी २००० साली सुरू झाली. २००६ मध्ये फिनलंडच्या मुलांना विज्ञानात सरासरी ५६३ गुण होते. २०२२ मध्ये ते ५११ झाले. म्हणजे जग ही शाळा पाहायला रांगा लावत होते, त्याच काळात आलेख उतरत होता. २००६ च्या यशाचे श्रेय कशाला द्यायचे? तिथे सर्व मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा झाली ती १९७० च्या दशकात. शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठांत गेले आणि वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली, तीही त्याच दशकात. बी पेरले तेव्हापासून पीक येईपर्यंत पंचवीस-तीस वर्षे गेली. २०१८ साली गेलेल्या पाहुण्याला दिसले ते टॅब्लेट आणि भिंती नसलेले वर्ग, आणि त्याने जुन्या पिकाचे श्रेय नव्या औताला देऊन टाकले.

तिसरी बाब नमुन्याची. तिथल्या विद्यापीठांना जोडलेल्या सरावशाळा असतात. त्यांना पाहुण्यांची सवय असते, म्हणून दौरे बहुधा तिकडे वळतात. ही फसवणूक नव्हे. आपणही साहेबांना चांगली शाळाच दाखवतो. सगळ्या फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न-छप्पन लाख, सांगली जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. सांगली शहरातल्या एका शाळेवरून गुढे-पाचगणीच्या पठारावरच्या शाळेबद्दल कोणी निष्कर्ष काढला, तर आपण त्याला नमुना कसा निवडतात ते शिकवू.

दौरे बंद करा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पंजाब सरकारने २०२३ मध्ये ३६ मुख्याध्यापकांना सिंगापूरला पाठवले. त्याच वर्षाच्या आरंभी दिल्लीच्या शिक्षकांना फिनलंडला पाठवण्यावरून मोठा वाद झाला, पण तो बराचसा पैशाभोवती आणि अधिकाराभोवती फिरला. जाणाऱ्यांच्या खिशात कोणता प्रश्न आहे, हे फारसे कोणी विचारले नाही.

प्रश्न खिशात असला की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. टोकियोचे महिला विद्यापीठ १९०१ साली सुरू झाले. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली. कर्वे तोवर जपानला गेलेले नव्हते. पण १८९६ पासून ते मुलींच्या आणि विधवांच्या शिक्षणात बुडालेले होते. पुढचे शिक्षण कोणत्या भाषेत द्यायचे, काय शिकवायचे, ही अडचण रोजची होती. १९१५ च्या सामाजिक परिषदेत त्यांनी अध्यक्षपदावरून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केले. एका पुस्तिकेने जे केले ते आठ दिवसांच्या बसफेरीने झाले नसते. कर्वे परदेशी गेले ते १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधले एल्सिनोर, अमेरिका असे करत टोकियोवरून ते १९३० मध्ये परतले. ते नुसते पाहायला गेले नव्हते. आपल्या विद्यापीठाचा प्रयोग काय आहे, हे त्यांनी तिकडच्या शिक्षकांना व्याख्यानांतून सांगितले. देवाणघेवाण या शब्दात 'देवाण' आधी येते, हे आपल्या दौऱ्यांत विसरले जाते.

देवाण आजही होऊ शकते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, याचे खूप कौतुक झाले. मला महत्त्वाचे वाटते ते त्याआधीचे काम. इंटरनेटवरून त्यांनी देशोदेशींच्या वर्गांना आभासी सहली घडवल्या, प्रयोग दाखवले. त्यासाठी पासपोर्ट लागला नाही.

राहायलाच जायचे तर वेळ हवा. जपान सरकारची शिक्षकांसाठी एक जुनी शिष्यवृत्ती आहे, दीड वर्षाची. तिच्यात पहिले काही महिने जपानी भाषा शिकावी लागते. आपल्याकडे दीड वर्षाची रजा म्हटले की कार्यालयात कपाळाला आठ्या पडतात. आठ दिवसांचा दौरा मात्र सहज मंजूर होतो. पण जपानी शाळेतले खरे घेण्यासारखे दिसते ते भाषा आल्यावरच. तिथले शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एकजण तो शिकवतो. बाकीचे वर्गात उभे राहून शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहतात, कोण कुठे अडखळले ते टिपतात. मग सगळे बसून त्या पाठाची चिरफाड करतात. त्याला ते 'जुग्यो केंक्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास, म्हणतात. यात यंत्र नाही, इमारत नाही, फोटो काढण्यासारखे तर काहीच नाही. म्हणूनच ते वृत्तांतांत सापडत नाही. आपल्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरतेच. परिपत्रके वाचून उरलेल्या वेळात सातवीच्या एखाद्या पाठाचे असे करून पाहायला कोणाची मंजुरी लागत नाही.

शिराळ्याच्या शिक्षकाला फिनलंडला जायची संधी मिळाली, तर मी त्याला हेलसिंकीपेक्षा उत्तरेला इनारीला जा म्हणेन. तिथे रेनडिअर पाळणारे सामी लोक राहतात. त्यांची इनारी सामी भाषा विझत चालली होती. १९९७ मध्ये लहान मुलांसाठी 'भाषेचे घरटे' सुरू झाले, जिथे मोठी माणसे मुलांशी फक्त त्याच भाषेत बोलतात. वडीलधाऱ्यांकडे असलेले ज्ञान शाळेने कसे घ्यायचे, त्यातले काय तपासायचे, काय सोडून द्यायचे, आणि हे करताना आजीचा अपमान कसा होऊ द्यायचा नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे आणि आपल्यापुढेही. नाग दूध पीत नाही, हे मुलाला सांगणे सोपे आहे. घरी जाऊन त्याने ते आजीला सांगितल्यावर काय होते, आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गात काय घेऊन येतो, हे आपण तिथल्या बाईंना सांगावे आणि त्यांच्याकडे असे काही घडते तेव्हा त्या काय करतात ते विचारून यावे. तसा वृत्तांत कोणी लिहिला तर मला तो वाचायचा आहे. बुटांची रांग नसली तरी चालेल.