सोंडेला छत्री लावली तर...

विज्ञानाच्या मासिकात असंबद्ध बालकवितांची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. हत्तीच्या सोंडेला छत्री असते असे वाचून मुलांच्या कल्पना पक्क्या होण्याऐवजी बिघडतील, अशी भीतीही एखाद्या शिक्षकाला वाटेल. मला तसे वाटत नाही. मात्र अशा सगळ्याच कविता सारख्या कसाच्या नसतात.

अमेरिकन बालकवी जॅक प्रेलुत्स्की यांचे ‘बिहोल्ड द बोल्ड अंब्रेलाफंट’ हे पुस्तक २००६ साली आले. कॅरिन बर्गर यांच्या कोलाजचित्रांनी ते सजले आहे. यातला प्रत्येक प्राणी एखाद्या वस्तूला जोडलेला आहे. अंब्रेला आणि एलिफंट मिळून अंब्रेलाफंट, क्लॉक आणि ऑक्टोपस मिळून क्लॉकटोपस. हा सांधा आधी उच्चारात जुळतो, मग शरीरात. म्हणून ‘छत्रीहत्ती’ असे शब्दशः भाषांतर केले की गंमत संपते. मराठीत सांधा नव्यानेच शोधावा लागतो : झाडू आणि डुक्कर यांचा ‘झाडुक्कर’, कंगवा आणि वाघ यांचा ‘कंगवाघ’.

अंब्रेलाफंटला उन्हाची फिकीर नाही. ही कल्पना नुसती गमतीची नाही, चपखलही आहे. प्रचंड शरीरातली उष्णता बाहेर टाकणे हा हत्तीपुढचा खराच प्रश्न आहे. त्याचे मोठे, पातळ कान त्यासाठी उपयोगी पडतात. पण छत्री मिळवताना गमावले काय? सोंडेच्या टोकाशी आशियाई हत्तीला एक आणि आफ्रिकी हत्तीला दोन बोटांसारखे उंचवटे असतात. त्यांनी तो बारीकसारीक वस्तू उचलतो. तिथे छत्री आली की हे काम अडले. हा हिशेब कवी मांडत नाही, आणि ही मला या कवितेची उणीव वाटते.

सुकुमार राय यांनी तो मांडला होता. भौतिकी व रसायनशास्त्राचे पदवीधर असलेल्या या बंगाली कवीचा ‘आबोल ताबोल’ हा संग्रह सप्टेंबर १९२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी प्रसिद्ध झाला. त्यातल्या ‘खिचुडी’ कवितेत हत्ती आणि तिमी म्हणजे देवमासा यांचा ‘हातिमी’ होतो. त्याच्या अर्ध्या अंगाला पाण्याची ओढ, अर्ध्याला जंगलाची! वस्तू नसून दोन्ही प्राणीच आहेत, पण जोडणीची किंमत इथे कळते. जीवसृष्टीतही एक सोय पत्करली की बऱ्याचदा दुसरी सोडावी लागते. राय यांची कविता म्हणूनच मला अधिक खोल वाटते.

आता आपला कंगवाघ घ्या. वाघाच्या जिभेवर मागे वळलेले कठीण काटे असतात. चाटताना ते केस विंचरतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांजर, वाघ, सिंह अशा सहा जातींच्या जिभा तपासल्या. या काट्यांची टोके पोकळ पन्हळीसारखी असून ती लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचवतात, असे दिसले. म्हणजे कंगवाघ आधीपासून अस्तित्वात आहेच!

वर्गात मुलांना असे प्राणी जरूर बनवू द्यावेत. मग दोनच प्रश्न विचारावेत : याला काय मिळाले? आणि याचे काय गेले? पण आधी सर्वांना पोटभर हसू द्यावे.